पांढऱ्या काठाचा पानओवा सोलापूरच्या उन्हात

जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आलाय. गेल्या दिवाळीत त्यांनी पांढऱ्या काठाचा पानओवा आणला आणि पश्चिमेच्या गॅलरीत ठेवला. थंडीत तो भरगच्च वाढला. कुंडी देखणी दिसते म्हणून पानं फारशी तोडलीच नाहीत. आता एप्रिल लागल्यापासून पांढऱ्या कडा तपकिरी होऊन कागदासारख्या चुरगळतात, रोज संध्याकाळी पाणी घालूनही पानं मरगळलेली दिसतात, आणि दोन फांद्या पूर्ण हिरव्याच निघाल्यात. मध्यंतरी भजी केली तर ती तेलकट आणि कडवट झाली. खत कोणतं घालू, असं त्या विचारतात. शिवाय ही जात खायची आहे की नुसती शोभेची, हेही त्यांना कळत नाही.

ताई, खताचा विचार तूर्त सोडा. बावीस वर्षं मी रोपं विकते आणि घरच्या गच्चीवरही वाढवते. पानओव्याला खत कमी पडलं म्हणून कोणी कुंडी परत घेऊन आल्याचं मला आठवत नाही. बहुतेक कुंड्या येतात त्या पाणी जास्त झालेल्या, नाहीतर दुपारचं ऊन खाल्लेल्या. तुमच्या कुंडीत या दोन्ही गोष्टी दिसतात. त्यात तिसरी अशी की तुम्ही पानं तोडत नाही. जुनी, राठ, उन्हात करपलेली पानं झाडावर तशीच राहिली आणि शेवटी तीच भज्यांत गेली. कुंडीची तक्रार आणि कढईची तक्रार इथे एकच आहे. पानओवा स्वयंपाकात जितका वापराल तितका कुंडीत चांगला राहतो. खाली जे लिहिते आहे ते याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी खायचं की नाही ते ठरवू, कारण त्यात चूक परवडत नाही. पांढऱ्या काठाचा खरा पानओवा हिरव्या पानओव्याइतकाच खाण्याजोगा असतो. पण टांगत्या कुंड्यांतून विकलं जाणारं एक शोभेचं झाड अगदी त्याच्यासारखं दिसतं. तेही त्याच गोतावळ्यातलं, त्याच्याही पानांना पांढरी कड असते, पण ते खायचं झाड नाही. डोळ्यांना दोन्ही सारखी वाटतात, बोटांना आणि नाकाला वाटत नाहीत. पानओव्याचं पान जाड, रसरशीत आणि मखमली लवेचं असतं. दुमडायला गेलं तर कट् असा आवाज करून मोडतं. शोभेच्या झाडाचं पान पातळ असतं, दुमडलं तरी मोडत नाही, आणि फांद्या बारीक होऊन कुंडीबाहेर लोंबतात. शेवटची खात्री वासाची. पान चुरगळल्यावर डब्यातला ओवा उघडल्यासारखा वास आला पाहिजे. पुदिन्यासारखा किंवा कापरासारखा वास आला, किंवा तुम्हाला जराही शंका राहिली, तर ते खाऊ नका. तुम्ही लिहिलंय की पानाला हात लागला तरी गॅलरीभर ओव्याचा वास सुटतो. म्हणजे तुमची कुंडी बहुधा पानओव्याचीच आहे, तरी पान मोडून एकदा पाहाच.

नावांचा घोळही आपल्याकडे मोठा आहे. हिंदीत याला पत्थरचूर म्हणतात, आणि पत्थरचट्टा म्हणजे आपली पानफुटी. पानफुटीचं पान मातीवर ठेवलं की काठावरून नवी रोपं फुटतात. तिचा आणि पानओव्याचा काही संबंध नाही. त्यामुळे हिंदीत ऐकलेला उपाय करण्याआधी कोणत्या झाडाबद्दल बोलणं चाललंय ते नक्की करा. सोलापुरात राहण्याचा एक फायदा म्हणजे या झाडाची तीन भाषांतली नावं एकाच बाजारात कानावर पडतात. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत तो वामाकु असतो, अक्कलकोटकडून येणारे कानडी लोक दोड्डपत्रे म्हणतात, आपण पानओवा किंवा ओव्याची पानं म्हणतो. तमिळ लोकांची कर्पूरवल्लीही हीच. पोर्तुगीज मिशनरी लुरेरू यांनी १७९० मध्ये त्याला कोलियस अँबोइनिकस हे शास्त्रीय नाव दिलं. मग तो बराच काळ प्लेक्ट्रॅन्थस या नावाखाली गेला आणि २०१९ मध्ये पुन्हा कोलियसमध्ये आला. म्हणून जुन्या पाट्यांवर एक नाव दिसतं आणि नव्या पाट्यांवर दुसरं. झाड तेच आहे.

एक गैरसमज मात्र दर आठवड्याला कोणीतरी घेऊन येतं. या झाडाला मसाल्याच्या डब्यातला ओवा लागत नाही, किती वर्षं वाट पाहिली तरी लागणार नाही. तो ओवा कोथिंबीर-बडीशेपेच्या कुळातला आहे, पानओवा तुळस-पुदिन्याच्या कुळातला. वास जुळतो कारण दोघांच्या तेलांत एकमेकांच्या जवळची द्रव्यं आहेत. ओव्यात थायमॉल मुख्य. पानओव्यात कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल, कधी एक जास्त तर कधी दुसरं. पिझ्झ्यावर भुरभुरतात त्या ओरेगानोच्या वासातही हेच कार्व्हाक्रॉल असतं, त्यामुळे परदेशात पानओव्याला क्युबन ओरेगानो म्हणतात. हे लक्षात ठेवा, स्वयंपाकाच्या भागात लागेल.

आता कडा का जळतात ते. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं. म्हणजे त्या भागाला स्वतःचं अन्न करता येत नाही, मधला हिरवा भाग कमावतो आणि काठ त्यावर जगतो. कमावणारा एक आणि खाणारे दोन असलेल्या घरासारखं हे झाड आहे. हिरव्या पानओव्यापेक्षा ते सावकाश वाढतं, आणि ताण आला की आधी काठच जातो. आपल्याकडे मार्चअखेरीपासून पारा चाळिशीकडे सरकतो आणि मे महिन्यात ४२-४३ अंशांचे दिवस नवे नाहीत. त्यात पश्चिमेची गॅलरी म्हणजे दुपारी एकपासून सूर्य मावळेपर्यंत थेट ऊन, खाली तापलेली फरशी, मागे तापलेली भिंत. रात्री नऊ वाजता भिंतीला हात लावून पाहा. कुंडीला ती भट्टी रात्रीही सोडत नाही.

माझ्याकडून हे एकदा चांगलंच घडलंय. सुरुवातीच्या वर्षांत मी पांढऱ्या काठाच्या चाळीस काड्या काळ्या पिशव्यांत लावून गच्चीच्या स्लॅबवर ठेवल्या होत्या. वर हिरवी जाळी होती, म्हणून मी निश्चिंत. मे महिन्यात चार दिवस गावी जाऊन आले तर निम्म्याहून जास्त पिशव्यांतली मुळं शिजल्यासारखी मऊ झाली होती. ऊन वरून आलं नव्हतं, खालून आलं होतं. तेव्हापासून उन्हाळ्यात माझी एकही कुंडी थेट फरशीवर नसते. दोन विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवली की खालून वारा जातो, आणि एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

तुमच्याकडे पूर्वेची खिडकी किंवा जिन्याजवळ सकाळचं ऊन येणारी जागा असेल तर मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत कुंडी तिथे हलवा. सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन आणि नंतर उजेडाची सावली, हे त्याचं उन्हाळ्याचं घर. पश्चिमेशिवाय जागाच नसेल तर पन्नास टक्क्यांची शेडनेट लावा, पण कुंडीला चिकटवून नको, हातभर अंतर ठेवून. जाळीच तापून पानांना लागली तर तिचा उपयोग नाही. पाऊस सुरू झाला की पुन्हा उन्हाकडे न्या. कायम अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं तर फांद्या लांबुडक्या होतात, दोन पानांतलं अंतर वाढतं, पान पातळ पडतं आणि वासही उतरतो. थंडीत मात्र त्याला दिवसभराचं ऊन द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सोलापुरातला पानओव्याचा खरा हंगाम. संक्रांतीच्या सुमारास, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत माझ्या कुंड्या सगळ्यात सुंदर असतात.

पाण्याचं सांगायचं तर ‘रोज संध्याकाळी’ हा तुमचा नेम मोडा. जाड पान आणि रसरशीत दांडा म्हणजे झाडाने स्वतःसाठी भरून ठेवलेलं पाणी. मरगळलेलं पान पाहून आपण पाणी घालतो, पण मुळं कुजली असली तरी पान अगदी तसंच मरगळतं, कारण कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. मग आपण आणखी घालतो. ओळखायचं असं: मातीत बोट दोन पेरं घाला. माती कोरडी आणि पान लवचीक, दुमडलं तरी मोडत नाही, तर तहान आहे. माती ओली आणि पान लोळलेलं, खालचा दांडा काळपट किंवा मऊ, तर मुळं कुजत आहेत. पहिल्या प्रकारात सकाळी लवकर, तळातून पाणी बाहेर येईपर्यंत भरपूर घाला आणि पुन्हा दोन पेरं माती वाळेपर्यंत थांबा. दुसऱ्या प्रकारात पाणी बंद करा आणि वरच्या निरोगी टोकांच्या काड्या लगेच काढून ठेवा, कारण ते झाड वाचेल याची खात्री नसते. किती दिवसांनी घालायचं हा आकडा मी देत नाही. मातीच्या कुंडीत मे महिन्यात एक दिवसाआड लागू शकतं, प्लॅस्टिकच्या कुंडीत तेवढंच पाणी चार दिवस पुरतं, आणि तुमच्या गॅलरीतला वारा मला इथून दिसत नाही.

बोअरचं पाणी वापरत असाल तर कुंडीच्या बाहेरच्या अंगावर पांढरी खार धरली आहे का ते पाहा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, साठवलेलं जपून वापरावं लागतं, म्हणून कुंड्यांना बोअरचंच पाणी जातं. त्यात खताचे क्षार मिसळले की पानांच्या कडा आणखी लवकर करपतात. खत नको म्हटलं ते यासाठी. पावसाळ्यात पन्हाळीखाली बादली ठेवून ते पाणी महिन्यातून एकदा कुंडीतून आरपार वाहू द्या, क्षार धुऊन निघतात. खत म्हणून वर्षातून दोनदा, जूनअखेर आणि ऑक्टोबरात, मूठभर जुनं शेणखत किंवा गांडूळखत पुरतं. नत्र जास्त झालं की पानं मोठी आणि पाणचट होतात, वासाला काही राहत नाही.

माती हा सोलापूरचा खास प्रश्न. शेतातून आणलेली काळी माती ज्वारीला सोनं आहे, मंगळवेढ्याची ज्वारी तीवरच नाव कमावते, पण कुंडीत ती पाणी धरून फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते. भेगांत बारीक मुळं तुटतात. एक भाग काळी माती, एक भाग मुरूम किंवा विटेचा चुरा, एक भाग जाड वाळू आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, असं मी मिसळते. लाल माती मिळाली तर काळीच्या जागी ती घ्या. आठ-दहा इंचांची मातीची कुंडी, तळाचं भोक खापरीने झाकलेलं. त्याहून मोठी नको, मोठ्या कुंडीत ओल फार काळ राहते आणि आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस एकदम येतो. त्या महिन्यात कुंडी छपराखाली घ्या.

आता हिरव्या फांद्या. त्या रोग नाहीत आणि तुमची चूकही नाही. पांढऱ्या काठाच्या झाडाच्या शेंड्यात दोन प्रकारच्या पेशी थर करून बसलेल्या असतात: बाहेरच्या थरात हरितद्रव्य नसलेल्या, आतल्या थरात असलेल्या. पानाचा काठ बाहेरच्या थरापासून बनतो, मधला भाग आतल्यापासून. कधी एखाद्या फुटव्यात थर सरकतात आणि आतल्या हिरव्या पेशींचीच फांदी निघते. ती पूर्ण पानाने कमावते, म्हणून झपाट्याने वाढते आणि वर्षभरात काठाच्या फांद्यांना झाकून टाकते. काठ टिकवायचा असेल तर हिरवी फांदी दिसताच जिथून फुटली त्या सांध्यापर्यंत कापा, अर्धी ठेवू नका. याच्या उलट कधी पूर्ण पांढरी फांदीही येते, फार नाजूक दिसते, मोह होतो. तीही काढा, ती कमावत नाही, फक्त खाते.

काडी लावतानाही थरांची ही गोष्ट कामाला येते. नुसतं पान मातीत खोचलं तर मुळं फुटू शकतात, पण त्यातून काठाचं झाड येईल याचा भरवसा नाही. काडीच घ्या: तीन-चार इंचांची, टोकाची, काठ स्वच्छ उमटलेली, किमान दोन सांधे असलेली. खालची पानं काढा, काप चार-पाच तास सावलीत सुकू द्या, मग ओलसर वाळूत सांधा बुडेल एवढी खोचा. इथे घाई करणाऱ्यांच्या काड्या कुजतात. जुलै-ऑगस्टमध्ये आणि फेब्रुवारीत साधारण दोन आठवड्यांत मुळं धरतात. मे महिन्यात लावू नका, अगदीच झाड मरायला टेकलं असेल तरच.

किडीचं थोडक्यात: उन्हाळ्यात पानामागे लाल कोळी आणि सांध्यांत पिठ्या ढेकूण येतो. ढेकूण कापसाच्या बोळ्याने पुसून काढा. कोळ्यांसाठी पानांच्या मागच्या बाजूवर सकाळी पाण्याचा फवारा पुरतो. हे खाण्याचं झाड आहे, बाजारातलं कीटकनाशक याच्यावर मारू नका.

आता तोडणी, कारण तुमची भजी तिथेच बिघडली. शेंड्यापासून मोजायला लागा. पहिली जोडी कोवळी, तिला वास कमी. दुसरी, तिसरी आणि चौथी जोडी स्वयंपाकाची: पान पूर्ण भरलेलं, पण अजून मऊ. त्याखालची पानं राठ होतात, शिरा जाड, वास उग्र, चवीत कडसरपणा. तुम्ही वरून देखणी दिसणारी ठेवली आणि खालची मोठी मोठी तोडली असणार, भज्यांसाठी मोठं पान बरं वाटतं म्हणून. त्यातच करपलेल्या कडा होत्या. करपलेला काठ तळल्यावर हमखास कडू लागतो. पुढच्या वेळी सुटी पानं खुडण्याऐवजी फांदीचं टोक तीन-चार जोड्यांसकट कापा. कापाखालच्या सांध्यातून दोन फुटवे येतात, झाड आडवं भरतं, आणि तीन-चार आठवड्यांनी तिथे पुन्हा स्वयंपाकाजोगी पानं तयार असतात. एका वेळी झाडाचा तिसरा हिस्सा न्यायला हरकत नाही, मात्र एप्रिल-मे सोडून. थंडीत फिक्या जांभळ्या फुलांचा तुरा आला तर तोही खुडा, नाहीतर झाड पानांकडे दुर्लक्ष करतं.

पानांवरची लव धूळ धरून ठेवते, आणि आपल्या गावात धुळीला तोटा नाही. मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, हलक्या हाताने खळबळा, मग सुती फडक्यावर पसरून दोन्ही बाजूंनी टिपा. भज्यांत हे टिपणं सगळ्यात महत्त्वाचं. पान मुळात पाण्याने भरलेलं, वरही पाणी राहिलं की तेलात गेल्यावर वाफ पिठाला पानापासून सोडवते, आणि मधल्या पोकळीत तेल शिरतं. तुमची भजी तेलकट झाली ती बहुतेक अशी.

पंधरा-सोळा पानांना एक वाटी बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, हळद, लाल तिखट, मीठ आणि चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. ओवा घालू नका, पानातच आहे. सोडाही मी घालत नाही, तो तेल ओढतो. पीठ पळीच्या पाठीवर थर धरेल इतपत दाट ठेवा. पान बुडवण्याआधी त्याच्यावर चिमूटभर कोरडं बेसन चोळलं तर लवेवर ते घट्ट बसतं. ही युक्ती मला साखर पेठेतल्या एका तेलुगू अक्कांनी शिकवली, त्या वामाकु बज्जी वर्षानुवर्षं करत आल्यात. तेल शेंगदाण्याचं, मध्यम तापलेलं: पिठाचा थेंब टाकल्यावर तळाशी जाऊन लगेच वर यावा. फार तापलेल्या तेलात बाहेरून लाल होतं आणि आतलं पान कच्चं उग्र राहतं. एका वेळी चार-पाचच पानं सोडा, नाहीतर तेल थंड पडतं. काठाची पांढरी बाजू तळल्यावर दिसत नाही, त्यामुळे रंगासाठी काठाचीच पानं भज्यांत घालण्यात अर्थ नाही.

हा वास तेला-तुपात उतरतो, पाण्यात तितका नाही. कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल दोन्ही तशीच आहेत. म्हणून पान कच्चं चिरून कोशिंबिरीत टाकलं तर जिभेला झोंबतं आणि बाकी चवी मारतं. तेच चमचाभर तुपात परतलं की वास पदार्थभर पसरतो आणि उग्रपणा बसतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पाककृती पाठ करायची गरज उरत नाही.

उन्हाळ्यात आमच्याकडे सगळ्यात जास्त होते ती तंबुळी, कानडी घरांतून आलेली. आठ-दहा पानं चमचाभर तुपात, अर्धा चमचा जिरं आणि चार-पाच मिऱ्यांबरोबर परतायची. पान आक्रसतं आणि रंग शेवाळी होतो, तिथे थांबायचं. गार झाल्यावर दोन चमचे ओल्या खोबऱ्याबरोबर बारीक वाटून दीड वाटी ताकात मिसळायचं, मीठ घालून वरून मोहरी आणि लाल मिरचीची फोडणी. उकळायची नाही, ताक फाटतं. भरपूर ऊन खाऊन आलेल्या माणसाला भाताबरोबर ही एवढी पुरते.

चटणीबद्दल मी जरा हट्टी आहे. सोलापूरची शेंगा चटणी, उखळात कुटलेली, तेल सुटलेली, तिच्यात पानओवा घालू नका. ती कोरडी म्हणून टिकते, ओलं पान गेलं की दोन दिवसांत वास मारते. वेगळी ओली चटणी करा: वाटीभर भाजलेले शेंगदाणे, तेलात परतलेली सहा-सात पानं, चार लसूण पाकळ्या, तीन हिरव्या मिरच्या, जिरं, चिंचेचं बोटूक, मीठ. त्याच दिवशी संपवायची. कडक भाकरी या चटणीत बुडवून खाऊन पाहा. धपाट्यांतही पानं चांगली जातात: दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, दहा पानं अगदी बारीक चिरून, लसूण-जिऱ्याचं वाटण, तीळ, दही. धपाटं कडेने तेल सोडत भाजायचं, त्या तेलातच वास उघडतो. मटणाच्या वाटणातही दोन-तीन पानं घालणारे आहेत. तिथे हात आखडता ठेवा, मसाल्याच्या वर गेलं की बिघडलं.

खोकल्यासाठी पानाचा रस मधातून देण्याची पद्धत घराघरांत आहे, तेव्हा त्याबद्दलही सांगते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. गरोदर बायकांनी आणि रोजची औषधं चालू असणाऱ्यांनी रस घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. पदार्थात येणारी चार पानं वेगळी आणि वाटीभर रस वेगळा. घरात कुत्रा-मांजर असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाच्या उंचीवर नको, हे झाड त्यांना बाधतं.

तुमच्या कुंडीचं या आठवड्यात काय करायचं, तर आज संध्याकाळी पाणी घालू नका. उद्या सकाळी बोट घालून माती पाहा, दांड्याचा तळ दाबून पाहा. कुंडी विटांवर ठेवून पूर्वेकडे हलवा. करपलेली पानं काढा, पण झाड सोलू नका, उन्हाळ्यात जे उरलंय त्याची त्याला गरज आहे. खत नको. मोठी छाटणी पावसाला सुरुवात झाल्यावर.

दोन हिरव्या फांद्यांना मात्र जूनपर्यंत थांबू नका, आताच सांध्यापासून कापा. आणि त्या फेकू नका. मे महिन्यात काड्या लावू नका असं वर म्हटलं, पण या फांद्या नाहीतरी कापायच्याच आहेत, आणि हिरवी काडी काठाच्या काडीपेक्षा चिवट असते. काप सुकवून सावलीत, स्वयंपाकघराच्या खिडकीशी वाळूत लावून पाहा. धरल्या तर जुलैमध्ये वेगळ्या कुंडीत हलवा. ती कुंडी भज्यांची. पांढऱ्या काठाचं झाड पाऊस सुरू झाला की पुन्हा गॅलरीत न्या, त्याची टोकं महिन्यातून एकदा तंबुळीला घ्या. माझ्याकडे गेली कित्येक वर्षं अशा दोन कुंड्या शेजारी शेजारी आहेत, आणि हिरवी कुंडी काठाच्याच झाडाच्या एका फांदीपासून झालेली आहे.